निवडक लेड झेपेलिन : एक पाठचिकित्सा

मराठीच्या अध्यापकांना 'निवडक' ह्या शब्दाची इतकी सवय झालेली असते, की त्या शब्दामागे कोणी निवडणारा असतो ह्याचा विसर पडतो. अभ्यासक्रमात निवडक तुकाराम असतो, निवडक केशवसुत असतात, निवडक मर्ढेकर असतात. एकही संग्रह अथपासून इतिपर्यंत न वाचता विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो, आणि हे तिन्ही कवी आपले 'झाले' अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ह्या सवयीकडे थोडे दुरून पाहता यावे म्हणून आम्ही ह्या वेळी मुद्दाम परका नमुना घेतला आहे. तो कवितेचा नाही, गाण्याचा आहे. 'लेड झेपेलिन' ह्या इंग्लिश ब्लूज-रॉक वाद्यवृंदाच्या 'मदरशिप' ह्या निवडक ध्वनिमुद्रणांच्या संग्रहाविषयी आम्हांला लिहायचे आहे. संगीतसमीक्षा हा आमचा प्रांत नव्हे. पण संग्रह, आवृत्ती, पाठ आणि कर्तृत्व हे प्रश्न आमच्या प्रांतातले आहेत, आणि ते इथे अतिशय ठळकपणे उभे राहतात.

'मदरशिप' नोव्हेंबर २००७ मध्ये निघाला. दोन तबकड्या, चोवीस गीते. निवड वृंदाच्या हयात असलेल्या तिघांनी, म्हणजे जिमी पेज, रॉबर्ट प्लांट आणि जॉन पॉल जोन्स यांनी केली. चौथा साथी, ड्रमवादक जॉन बॉनम, २५ सप्टेंबर १९८० रोजी वारला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात उरलेल्यांनी वृंद विसर्जित केला. २००७ च्या नोव्हेंबरातच त्यांची गाणी प्रथम इंटरनेटवरून विकत घेऊन उतरवता येऊ लागली, आणि १० डिसेंबरला लंडनच्या ओ-टू सभागृहात बॉनमच्या मुलाला ड्रमवर बसवून तिघांनी एकच कार्यक्रम केला. तेव्हा हा संग्रह बाजाराचे गणित बसवूनच आला होता, हे वेगळे सांगायला नको. त्यात गैर काही नाही. आपल्याकडेही 'समग्र' आणि 'निवडक' जन्मशताब्दीचा मुहूर्त पाहूनच निघतात.

गंमत वेगळीच आहे. 'ग्रेटेस्ट हिट्स' ही कल्पना सुट्या गाण्यांच्या, म्हणजे 'सिंगल'च्या व्यवहारातून आलेली. लेड झेपेलिनने आपल्या कारकिर्दीत ब्रिटनमध्ये सिंगल काढणे कटाक्षाने टाळले. 'स्टेअरवे टू हेवन' हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गीत, पण तेही त्या काळी सुटे विकायला आले नाही. ऐकायचे असेल तर आख्खा अल्बम घ्या, असा त्यांचा खाक्या. १९७१ च्या चौथ्या अल्बमच्या वेष्टनावर तर ना अल्बमचे नाव होते, ना वृंदाचे. कृती अखंड आहे, तिचे तुकडे करू नयेत, अशी ही भूमिका होती. तिचे रूपांतर छत्तीस वर्षांनी त्याच माणसांच्या हातून चोवीस तुकड्यांत झाले. कवीने स्वतःच आपल्या दीर्घकवितेतून उतारे काढून द्यावेत, तसे हे आहे.

आता 'रीमास्टर' म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण हा शब्द आज प्रत्येक गाण्याच्या नावाला शेपटासारखा चिकटलेला दिसतो आणि त्याचा अर्थ 'सुधारलेले' असा धरला जातो. स्टुडिओत प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर नोंदला जातो. त्या पट्ट्यांचे परस्परांतले प्रमाण ठरवून दोन वाहिन्यांची एक ध्वनिफीत तयार होते, ती संहिता. ही संहिता तबकडीवर कोरण्यासाठी किंवा सीडीवर नेण्यासाठी तिच्या खर्ज-तार पट्ट्यांचा तोल आणि एकूण मोठेपणा ठरवणे, हे मास्टरिंग. मास्टरिंग म्हणजे मजकूर बदलणे नव्हे. टंक, शाई, कागद आणि समास ठरवणे आहे. पण टंक आणि समास बदलले की कविताही थोडी वेगळी वाचली जाते, हे कोलटकरांच्या वाचकाला तरी पटवून द्यावे लागू नये.

लाँगप्ले तबकडीला स्वतःची शिस्त होती. खर्ज जितका दणकट तितकी खाच रुंद. खाच रुंद झाली की तबकडीवर मावणारी मिनिटे कमी. आणि फारच दणकट झाली की सुई खाचेतून उडते. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या दुसऱ्या अल्बमचे पहिले कोरीवकाम बॉब लुडविग ह्या तंत्रज्ञाने इतके जोरकस केले होते, की स्वस्त ग्रामोफोनवर सुई टिकेना, म्हणून कंपनीने ते मागे घेऊन सौम्य कोरून घेतले. ती पहिली प्रत आज संग्राहक सोन्याच्या भावाने घेतात. सीडीवर खाच नाही आणि सुईही नाही, तेव्हा ही शिस्तही नाही. तिथे फक्त वरचे एक छप्पर असते. त्या छपराला डोके लागेपर्यंत सगळा आवाज वर ढकलायचा, वर येणारी टोके छाटायची आणि हळू जागा फुगवायच्या, हा प्रकार नव्वदीच्या दशकापासून बोकाळला. इंग्रजीत त्याला 'लाउडनेस वॉर' म्हणतात. 'मदरशिप' त्या युद्धाच्या ऐन भरातला.

परिणाम कुठे जाणवतो? 'स्टेअरवे टू हेवन' आठ मिनिटांचे आहे आणि त्यात ड्रम येतात ते चार मिनिटे उलटून गेल्यावर. तोवर गिटार आणि रेकॉर्डर ह्यांच्यावर चाललेली ती संथ चाल केवळ हळूपणावर उभी आहे. शेवटचा कडेलोट पहिल्या कुजबुजीच्या मानाने मोठा वाटला पाहिजे. बड्या ख्यालातील विलंबित आणि नंतरचे द्रुत एकाच उंचीवर आणून ठेवले तर बैठकीचे काय होईल, ह्याची कल्पना करावी. 'मदरशिप'मध्ये अगदी तसे झालेले नाही, पण आमच्या कानांना जिना काही पायऱ्यांनी कमी झालेला वाटतो. १९९० मध्ये जॉर्ज मरिनो यांनी पेज यांच्याबरोबर केलेले रीमास्टर ह्या बाबतीत अधिक संयमी होते. 'मदरशिप' करणाऱ्या जॉन डेव्हिस यांनीच पुढे २०१४-१५ मध्ये सगळे अल्बम पुन्हा केले, तेही आमच्या मते ह्याहून चांगले उतरले. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'मदरशिप'ही त्या नव्या प्रतीवरून पुन्हा काढण्यात आला. म्हणजे एकाच तंत्रज्ञाने एकाच संहितेची आठ वर्षांत दोन वाचने दिली. विकत घेताना साल पाहून घ्यावे, एवढाच व्यावहारिक सल्ला.

तरीही रीमास्टरविषयी केवळ तक्रारच करावी असे नाही. स्वच्छ काचेतून काही गोष्टी प्रथमच दिसतात. १९७० च्या 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' ह्या संथ ब्लूजमध्ये बॉनमच्या पायाखालची ड्रमची पायटी करकरते. ती मूळ ध्वनिमुद्रणातच आहे. पण घासलेल्या तबकडीच्या खरखरीत ती दडून जायची. आता ती लख्ख ऐकू येते, आणि एकदा ऐकू आली की दुसरे काही ऐकू येत नाही. सुदैवाने ती कोणी पुसली नाही. 'होल लॉटा लव्ह'मध्ये तर ह्याहून विलक्षण प्रकार आहे. उत्तरार्धात वाद्ये थांबतात, आणि प्लांटचा आवाज येण्याआधी त्याच ओळीचा एक क्षीण आवाज दुरून येऊन जातो. दुसऱ्या एका गायलेल्या प्रयत्नाचा तो अंश होता. तो फितीवरून जाईना, तेव्हा एडी क्रेमर आणि पेज यांनी त्यावर घुमारा चढवून तो हेतुतः केल्यासारखा ठेवून दिला. खोडलेली ओळ हस्तलिखितात वाचता यावी, तसे हे आहे. 'मदरशिप'मध्ये ही जागा सुरेख उतरली आहे.

इथवरचा विचार शाई-कागदाचा झाला. आता संपादनाकडे वळू. आमची खरी तक्रार तिथे आहे.

१९६९ च्या पहिल्या अल्बममधून 'मदरशिप'ने चार गीते घेतली. जी घेतली नाहीत त्यांत 'यू शुक मी' आणि 'आय कान्ट क्विट यू बेबी' ही दोन आहेत. दोन्ही शिकागोचे गीतकार विली डिक्सन यांची, आणि दोन्हींवर डिक्सन यांचे नाव पहिल्यापासून रीतसर छापलेले. दुसऱ्या अल्बममधून तीन घेतली. वगळलेल्यांत 'द लेमन साँग' आणि 'ब्रिंग इट ऑन होम' आहेत. पहिल्याचा मूळ साचा हाउलिन वुल्फ यांच्या 'किलिंग फ्लोअर'चा, दुसऱ्याचा डिक्सन यांनी लिहून सनी बॉय विल्यमसन यांनी गायिलेल्या त्याच नावाच्या गीताचा. ह्या दोन्ही प्रकरणांत चेस कंपनीच्या प्रकाशनसंस्थेशी १९७२ मध्ये तडजोड करावी लागली होती. सहाव्या अल्बममधले 'इन माय टाइम ऑफ डाइंग' हे अकरा मिनिटांचे पारंपरिक गीत, तेही नाही. म्हणजे जिथे ब्लूज उघड्या चेहऱ्याने समोर येतो, त्यातले बहुतेक सारे संग्रहाबाहेर गेले. जे राहिले त्यात ब्लूज आहे, पण बराचसा मुरलेला, झेपेलिनच्या नावाने ओळखला जाणारा. हे कोणी कट करून केले असे आम्ही म्हणत नाही. लोकांना कुठली गाणी माहीत आहेत, हा साधा निकष लावला असणार. पण निवडणाऱ्याचा हेतू आणि निवडीचा अर्थ ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याने फक्त 'मदरशिप' ऐकला त्याच्यासाठी झेपेलिन आकाशातून उतरला. शीर्षकही त्याला साजेसेच आहे.

क्रमानेही असेच केले आहे. संग्रह अल्बमांच्या कालक्रमाने जातो, पण अल्बमच्या आत गाणी पुढेमागे केलेली आहेत. चौथ्या अल्बमचा शेवट 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'ने होत असे; त्या सात मिनिटांनंतर दुसरे काहीच वाजू शकत नाही, म्हणून. 'मदरशिप'मध्ये ते 'स्टेअरवे टू हेवन'च्या आधी आले आहे आणि पहिली तबकडी स्वर्गाच्या जिन्यावर संपते. पूर आधी, मग स्वर्ग. दुसऱ्या अल्बमवर 'हार्टब्रेकर' संपताक्षणी पुढचे गाणे त्यावर आदळते. ज्यांनी तबकडी ऐकली आहे त्यांच्या कानात ती दोन गाणी जोडूनच असतात. इथे 'हार्टब्रेकर'नंतर तिसऱ्या अल्बममधले 'इमिग्रंट साँग' येते, आणि दर वेळी पाय पायरी चुकल्यासारखा पडतो.

'लेव्ही'विषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. १९२७ च्या वसंतात मिसिसिपी नदीचे बांध फुटले. सहा लाखांहून अधिक माणसे घरांतून उठली. त्यांत कृष्णवर्णीय शेतमजूर फार मोठ्या संख्येने होते. ग्रीनव्हिलसारख्या ठिकाणी त्यांना बंदुकीच्या धाकाखाली बांधावर राबवून घेण्यात आले. दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, कॅन्सस जो मकॉय आणि मेम्फिस मिनी ह्या पतिपत्नींनी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीसाठी ह्या पुरावरचे गाणे ध्वनिमुद्रित केले. दोन गिटार, जोचा आवाज, मिनीची चपळ बोटे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीला मावतील तेवढीच मिनिटे. चाल जवळजवळ प्रसन्न म्हणावी अशी आहे. आपत्तीचे वर्णन करणारा माणूस कामावर निघाल्यासारखा बोलतो, आणि ऐकणाऱ्याला धक्का बसतो तो नेमका ह्याच गोष्टीचा.

झेपेलिनने ते बेचाळीस वर्षांनी घेतले तेव्हा शब्द बरेचसे ठेवले आणि चाल टाकून दिली. हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज ह्या जुन्या घरात, जिन्याच्या तळाशी बॉनमचे ड्रम मांडले आणि वरच्या मजल्यावरून दोन मायक्रोफोन खाली सोडले. त्यामुळे ड्रमबरोबर त्या घराचा पोकळ गाभाराही नोंदला गेला. मग वर प्रतिध्वनीचा थर आणि उलटा घुमणारा हार्मोनिका. मूळ गाण्यात पुराची बातमी होती. इथे पूर स्वतःच आला. रूपांतर म्हणून ही फार मोठी कृती आहे. ह्या एका गाण्यासाठी आम्ही झेपेलिनला बरेच काही माफ करायला तयार आहोत, आणि श्रेयनामावलीत मेम्फिस मिनीचे नाव चौघांच्या जोडीला पहिल्या दिवसापासून आहे, हेही नोंदवले पाहिजे. गायलेला आवाज जोचा होता; त्याचे नाव मात्र नाही.

बाकीच्या श्रेयांचा इतिहास वाचताना एखाद्या पोथीचे पाठभेद लावत बसल्यासारखे वाटते. 'बेब आय ॲम गॉना लीव्ह यू' १९६९ मध्ये 'पारंपरिक, मांडणी जिमी पेज' असे छापले गेले. ते पारंपरिक नव्हते. ॲन ब्रेडन नावाच्या अमेरिकन बाईंनी ते पन्नासच्या दशकात रचले होते. १९९० च्या आवृत्तीपासून त्यांचे नाव आले. 'होल लॉटा लव्ह'चे शब्द मडी वॉटर्स यांनी १९६२ मध्ये गायलेल्या, डिक्सन यांच्या 'यू नीड लव्ह'वरून आलेले. डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली, आणि नंतर त्यांचे नाव आले. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'चा मूळ कर्ता जेक होम्स. त्याने ते १९६७ मध्ये काढले. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तो पेजच्या आधीच्या वृंदाबरोबर एकाच रंगमंचावर होता. २००७ च्या 'मदरशिप'वर त्याचे नाव नाही. त्याने २०१० मध्ये दावा लावला. तडजोडीनंतर, २०१२ च्या एका संग्रहावर, 'जेक होम्स यांच्यापासून प्रेरित' असे शब्द आले. 'प्रेरित' हा शब्द आपल्या रंगभूमीच्या जाहिरातींत आणि चित्रपटांच्या श्रेयांत कोणत्या अर्थाने वापरला जातो, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे.

आणि 'नोबडीज फॉल्ट बट माइन'. हे १९७६ चे, 'मदरशिप'मध्ये आहे, पेज आणि प्लांट यांच्या नावावर आहे. १९२७ च्या डिसेंबरात डॅलसमध्ये ब्लाइंड विली जॉन्सन ह्या अंध धर्मगायकाने ते गायले होते. त्याच्या गाण्यात धर्मग्रंथ वाचला नाही तर आत्मा गमावला जाईल ही धास्ती आहे, आणि ती एका अंध माणसाच्या तोंडी आहे, हे लक्षात आल्यावर गाणे सहज ऐकणे अशक्य होते. झेपेलिनच्या गाण्यात ती धास्ती व्यसनी तरुणाच्या पश्चात्तापात विरघळली. शीर्षकाचा अर्थ 'दोष माझाच'. दोष मूळ गायकाकडे राहिला, श्रेय मात्र इकडे आले. १९४५ मध्ये जॉन्सन वारला. १९७७ मध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात धाडली, तिच्यावर त्याचे एक गीत आहे. म्हणजे परग्रहावरच्या श्रोत्याला त्याचे नाव कळण्याची जेवढी शक्यता आहे, तेवढीही 'मदरशिप'च्या श्रोत्याला नाही.

ह्यावरचा नेहमीचा प्रतिवाद आम्हांला मान्य आहे, पण अर्धाच. ब्लूज ही उसनवारीचीच परंपरा आहे, असे म्हणतात. आणि ते खरे आहे. जात्यावरच्या ओवीसारख्या तिच्या ओळी गावोगाव फिरतात. रॉबर्ट जॉन्सनच्या रचनांत कोकोमो अर्नोल्ड आणि लिरॉय कार यांचे माग स्पष्ट दिसतात. आणि विली डिक्सनच्या ओळीही काही कोऱ्या पाटीवर उमटलेल्या नव्हत्या. पण शेजारणीची ओवी उचलणारी बाई ती तलाठ्याकडे जाऊन आपल्या नावावर चढवून घेत नाही. परंपरा सामायिक असते तोवर उसनवारी निरागस असते. एकाने सातबारा काढला की तिचा अर्थ बदलतो. झेपेलिनने उसने घेतले ह्याबद्दल आमची तक्रार नाही. त्यांनी नोंद केली, आणि ती नोंद रीमास्टर करण्याची गरज त्यांना आवाजाइतकी वाटली नाही, हे आम्हांला खटकते.

नोंदीच्या कायद्याचेही एक वैशिष्ट्य आहे, आणि ते साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. 'स्टेअरवे टू हेवन'ची सुरुवात 'स्पिरिट' ह्या वृंदाच्या १९६८ च्या 'टॉरस' ह्या रचनेवरून घेतली, असा दावा २०१४ मध्ये दाखल झाला. २०१६ मध्ये ज्यूरीने झेपेलिनच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २०२० मध्ये अपील न्यायालयाच्या विस्तृत पीठाने तो कायम ठेवला. निकालाशी आमचे भांडण नाही. तसे उतरते सूर शेकडो गाण्यांत सापडतील. पण साम्य तपासताना ज्यूरीपुढे 'टॉरस'ची ध्वनिमुद्रिका पुरावा म्हणून आलीच नाही. त्या रचनेला १९०९ चा अमेरिकन कायदा लागू होता, आणि त्या कायद्याच्या दृष्टीने कृती म्हणजे सरकारदरबारी जमा केलेला स्वरलिपीचा कागद. खुद्द ध्वनिमुद्रणाला तिथल्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण मिळाले ते फेब्रुवारी १९७२ नंतर. म्हणजे ब्लाइंड विली जॉन्सनचा घोगरा खर्ज, मेम्फिस मिनीची बोटे, हाउलिन वुल्फची आरोळी ह्यांपैकी काहीही कायद्याला 'कृती' म्हणून ऐकू येत नव्हते. ऐकू येत होता तो कागद. आणि कागद ज्यांच्याकडे होता ते बहुधा गायक नसत. खुद्द डिक्सन यांना आपल्या गीतांच्या हक्कांसाठी आपल्याच प्रकाशकांशी झगडावे लागले. मौखिक आणि लिखित ह्यांच्यातला भेद आम्ही वर्गात लोकसाहित्याच्या पेपरात शिकवतो. त्या भेदाचे भाडे कोण भरते, हे मात्र तिथे येत नाही.

(वेष्टनाविषयी एक कंसातली गोष्ट. 'मदरशिप'चे मुखपृष्ठ शेपर्ड फेअरी ह्या चित्रकाराचे. त्यानेच पुढे २००८ मध्ये ओबामा यांचे ते प्रसिद्ध भित्तिचित्र केले, आणि ते ज्या छायाचित्रावरून केले त्याच्या हक्कांवरून वृत्तसंस्थेशी त्याचे दोन वर्षे भांडण चालले. संग्रहाला साजेसा चित्रकार मिळाला म्हणायचा.)

झेपेलिनमुळेच तर लोकांना हे जुने गायक ठाऊक झाले, असाही एक युक्तिवाद असतो. काहींना झाले, खरे आहे. आमच्यातल्या दोघांना मेम्फिस मिनी ह्याच मार्गाने भेटली. पण ती स्वतः १९७३ मध्ये मेम्फिसमधल्या एका शुश्रूषागृहात वारली, तेव्हा चौथा अल्बम निघून दोन वर्षे होत आली होती. मिसिसिपीतील वॉल्स गावी तिच्या थडग्यावर शिळा उभी राहिली ती १९९६ मध्ये, आणि तिचा खर्च बॉनी रेट ह्या गायिकेने दिला. ठाऊक होणे आणि वाट्याला काही येणे ह्यांत अंतर असते.

मग संपादकाने काय करायला हवे होते? आम्हांला एकनाथांची आठवण होते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ पाहून त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथ शुद्ध केला. पण ते काम त्यांनी गुपचूप केले नाही: आपण शुद्ध केला हे सांगितले, साल सांगितले, कारण सांगितले, आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये अशी ताकीदही लिहून ठेवली. त्यामुळेच राजवाड्यांना १९०९ मध्ये, आपल्या मते नाथांच्याही आधीची असलेली प्रत छापून, 'शुद्ध' म्हणजे नक्की काय, असे विचारता आले. शुद्ध करणाऱ्याने आपली सही सोडली, की पुढच्याला वाद घालायला जागा राहते. 'मदरशिप'च्या पुस्तिकेत डेव्हिड फ्रिक यांचा निबंध आहे. निबंध चांगला असूनही टीपेचे काम करत नाही, हे संशोधनपद्धतीचा पेपर दिलेल्या कोणालाही कळेल. गाणे कुठून आले, मूळ कोणी गायले, कोणत्या साली श्रेय बदलले, एवढ्या तीन ओळी प्रत्येक गीताखाली घालायला किती कागद लागला असता?

मुंबईचाही ह्यात एक धागा आहे. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना बरोबर घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गीते नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती फीत त्रेचाळीस वर्षे कपाटात राहिली आणि २०१५ मध्ये 'कोडा' ह्या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत बाहेर आली. तबला आणि तंतुवाद्ये त्या आडवळणी ठेक्याला जी साथ देतात, ती मुद्दाम ऐकावी. भारतीय रंगाची पुडी वर भुरभुरण्याचा तो प्रकार नाही. गीतांच्या नावापुढे कंसात 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' असे छापले आहे. ब्लूजवाल्यांप्रमाणे आपले वादकही सामुदायिक नावाने इतिहासात गेले. 'मदरशिप' २०१५ मध्ये पुन्हा निघाला तेव्हा ही मुद्रणे हाताशी होती. पण नव्या आवृत्तीत आवाज तेवढा बदलला; गाणी तीच चोवीस राहिली.

निवडीवर टीका करणाऱ्याने आपली निवड द्यावी, हा नियम आम्ही विद्यार्थ्यांना लावतो, तेव्हा स्वतःलाही लावला पाहिजे. आम्ही गाण्यांची संख्या चोवीसच ठेवली. 'ड्येर मेकर' आणि 'हाउसेस ऑफ द होली' काढून 'आय कान्ट क्विट यू बेबी' आणि 'ब्रिंग इट ऑन होम' घेतली. 'ट्रॅम्पल्ड अंडर फूट'च्या जागी 'इन माय टाइम ऑफ डाइंग' घेतले. 'लेव्ही' पहिल्या तबकडीच्या अगदी शेवटी, जिन्याच्या नंतर ठेवले. मुंबईतल्या 'फोर स्टिक्स'साठी दुसऱ्या तबकडीवर जागा करायची तर शेवटचे 'ऑल माय लव्ह' जाते. ते प्लांटने १९७७ मध्ये वारलेल्या आपल्या लहान मुलासाठी लिहिले होते, गाणे म्हणून बेताचे आहे, आणि ते काढावे की नाही ह्यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.